भाऊबीजेचा काँट्रॅक्टर

ज्या काँट्रॅक्टरच्या पांढऱ्या पँटीला सिमेंटचा एकसुद्धा ठिपका नसतो, त्याच्या हातात आपलं घर देऊ नये. ही अक्कल मला पहिल्या दिवशीच आली होती. पण आमच्यात माझं ऐकतं कोण! सारी नोकरी इस्लामपूरच्या शाळेत मास्तरकी करण्यात गेली. वर्गातली द्वाड पोरं मी नुसतं बघितलं तरी गप्प बसायची. धाकट्या बहिणीनं मात्र आजवर माझा एक शब्द ऐकलेला नाही.

त्याचं नाव हणमंततात्या. मला विचाराल तर त्याच्यापेक्षा चोर परवडला. चोर निदान अंधारात येतो, आणि आल्यावर चहा मागत नाही. हा गडी भरदिवसा यायचा, पायताण दाराबाहेर नीट जोडून काढायचा, वाकून नमस्कार करायचा आणि साखर जरा जास्त टाका म्हणून सांगायचा. पांढरी पँट, पांढरा शर्ट, कपाळाला गंध, अंगाला अत्तर. खिशाला दोन पेनं असायची, पण त्यांनी लिहिताना त्याला कुणी पाहिलेलं नाही. कमरेला मापाची टेप असायची, तीही कधी उघडलेली मी पाहिली नाही. माप घ्यायची वेळ आली की तो भिंतीकडं एक डोळा मिटून बघायचा आणि म्हणायचा, "बरोबर हाय. नजरंतच टेप हाय आपल्या."

माझी बहीण शालन कडेगावला दिली आहे. तिचा नवरा फौजेत, सुभेदार. लग्न झाल्यापासून तो कुठल्या ना कुठल्या सरहद्दीवर, आणि ही उसाच्या कडेला पत्र्याच्या शेडात सासूबरोबर. उन्हाळ्यात त्या शेडात बसलं की आपण पापड आहोत असं वाटायचं. पण शालननं कधी कुरकुर केली नाही. तिचं एकच म्हणणं होतं. आमच्याकडं फौजी माणूस रिटायर होऊन आला की गाव त्याला उघड्या जीपमधनं मिरवतं. हलगी, गुलाल, पोराबाळांचा दंगा, आणि मिरवणूक त्याच्या दारात येऊन थांबते. "आक्का," ती म्हणायची, "ती जीप माज्या नव्या घराच्या दारात थांबाय पायजे. पत्र्याच्या शेडापुढं न्हाई. येवढं झालं की मला काय नगं."

एवढंच. माणसानं काय जास्त मागितलं होतं?

तात्या पहिल्यांदा आला तेव्हा मी तिथंच होते. शेजारच्या कुणीतरी धाडला होता. कुठलाही शहाणा काँट्रॅक्टर आधी जागा बघेल, माती उकरून बघेल, पाण्याचा निचरा कुठं होतो ते विचारेल. यानं जागेकडं पाठ करून बसकण मारली आणि विचारलं, "ताई, तुमचं म्हायेर कुठलं म्हणायचं?"

"मेढ्याकडचं."

"मेढ्याकडं कुठं? आन आजोळ?"

शालननं सांगितलं. याचे डोळे असे काही चमकले! चुलीवर चहाला उकळी फुटायच्या आत त्यानं आमच्या आईच्या मावशीची कुठली तरी नणंद शोधून काढली, ती आपल्या घरात दिली होती म्हणून सांगितलं, आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "म्हंजी मी तुमचा मामेभाव लागतो की! आवं, मघापासनं बघतोय, म्हटलं तोंडवळा वळकीचा वाटतोय!"

त्या नणंदेचं नाव मी जन्मात ऐकलेलं नव्हतं. पण आम्ही दोघीच बहिणी, आम्हाला भाऊ नाही. शालनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मेल्यानं बरोबर जागा बघून पहिला खड्डा तिथंच खणला.

मी म्हटलं, "ते सगळं ठीक हाय. कामाचा कागद करू या. काय-काय करणार, कुठलं सिमेंट घालणार, कवा पुरं करणार, ते लिहून सही करा."

तात्यानं दोन्ही कानांना हात लावले. "आक्का, भावाकडनं कागूद? आवं, कागूद लागतो माणूस मेल्यावर, सातबाऱ्यावर वारसाची नावं चढवाया. आमी काय मेलो व्हय?"

"आक्का, तू गप बस गं," शालन म्हणाली.

आमच्या सातारा-सांगलीच्या माणसाचं हे असं आहे. म्हैस घ्यायची झाली तर दात बघेल, आचळं बघेल, दोन वेळा स्वतः धार काढून बघेल, मालकाच्या शेजाऱ्याला बाजूला घेऊन विचारेल. आणि जन्मभराचं घर बांधायला द्यायचं झालं की एकच चौकशी, पावणं कुठलं? पावणा निघाला की संपलं. मग त्याला कागद मागायचा नाही, हिशेब विचारायचा नाही, भिंत वाकडी दिसली तरी आपलीच मान तिरकी करून बघायची. तात्याला बांधकामातलं काही येत नव्हतं, पण आमची ही खोड त्याला तोंडपाठ होती. त्यावरच त्याचं सगळं चाललेलं होतं. नंतर मी चौकशी केली तर कळलं, वाळव्यात तो एकाचा साडू होता, मेढ्यात एकीचा दीर, विट्याकडं कुणाचा तरी व्याही. जिथं जाईल तिथं नातं निघायचं.

आपलं आधीचं काम दाखवायला तो आम्हा दोघींना इस्लामपुरात घेऊन आला. रस्त्याकडेचा एक टुमदार बंगला, पुढं बोगनवेल. फाटकाबाहेर उभा राहून याचं भाषण सुरू. "हे आपलंच काम. पावसाचा एक थेंब आत न्हाई. मालक लय मोठा मानूस, पन मला विचारल्याबिगर खिळासुदीक मारत न्हाई."

"आत जाऊन बघू या की," मी म्हटलं.

"मालक परगावी हायत."

बंगल्यातनं कुकरची शिट्टी झाली. मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "कामवाली आसंल," म्हणाला.

पुढं कधीतरी भाजी मंडईत त्या बंगल्याच्या मालकीणबाईंची माझी ओळख निघाली. मी तात्याचं नाव काढलं तर त्या हसत सुटल्या. "तो पांढऱ्या कपड्यांतला? अहो बाई, तो महिन्या-दोन महिन्यांनी कुणाला तरी घेऊन आमच्या फाटकाबाहेर उभा राहतो. आम्हाला वाटायचं, आमच्या पोरीसाठी स्थळं आणतोय आणि आत यायला लाजतोय!" त्यांचं घर कराडच्या कुणा भल्या माणसानं बांधलं होतं. यानं त्यातली एक वीटही लावलेली नव्हती. म्हणून सांगते, कुणी बाहेरनं घर दाखवलं तर बेल दाबा. घरातल्या बाईला विचारा, पावसाळ्यात बादली कुठं ठेवता? पुरुषमाणसं आपलं घर गळतं हे कबूल करत नाहीत.

पण तोवर पाया खणून झाला होता.

त्या दिवाळीला तो भाऊबीजेला आला. पाटावर बसला, डोक्यावर रुमाल टाकला, शालननं ओवाळलं. तिच्या सासूनं, आत्तींनी, कौतुकानं करंजी भरवली. त्यानं एक साडी आणली होती, तिचा रंग पहिल्याच धुण्यात पाण्याला गेला. ताटात ओवाळणी टाकली आणि दुसऱ्या दिवशी सळईसाठी म्हणून तिच्या कितीतरी पट उचल घेऊन गेला. मला म्हणाला, "आक्का, तुमी न्हाई ओवाळत?"

मी म्हटलं, "माझं निरांजन गळतं."

हसला. या माणसाला काही लागतच नव्हतं. अपमान त्याच्या अंगावर पडायचा आणि सिमेंटासारखाच खाली घसरायचा.

भाऊबीज झाल्यावर काम थंडावलं. शालननं फोन केला की एकच उत्तर ठरलेलं, "वाटंतच हाय, पोचलोच." मागं कधी देवळातली घंटा ऐकू यायची, कधी लग्नातला बँड. एकदा मी इस्लामपूरच्या एसटी स्टँडजवळ उभी होते. समोर भज्यांच्या गाड्यावर तात्या. एका हातात भज्यांची पुडी, दुसऱ्या हातात फोन. "शालन, आगं साताऱ्यात हाय की, तुज्याच खिडक्या बघाय आलोय. लय भारी लाकूड घावलंय."

मी मागनं गेले आणि त्याच्या फोनजवळ तोंड नेऊन ओरडले, "शालन, हा इस्लामपुरात माझ्यापुढं भजी खातोय!"

दुसरा कुणी असता तर जमिनीत गेला असता. तात्यानं शांतपणे फोन खिशात घातला आणि पुडी माझ्यापुढं धरली. "घ्या आक्का, गरम हायत." वर गाडीवाल्याला सांगितलं, "आक्कांचं बी ह्यातच धर." आणि निघून गेला. पैसे कुणी दिले ते विचारू नका.

संध्याकाळी शालनचा मला फोन आला. मला वाटलं, आता तरी डोळे उघडले असतील. तर म्हणते काय, "आक्का, चारचौघांत दादाला असं बोलाय नगं हुतंस. त्याला वाईट वाटलं आसंल." आता या बाईला काय म्हणावं? कपाळावर हात मारून घेतला, आणखी काय करणार!

तिकडं सुभेदारांनाही त्यानं गुंडाळलं होतं. फोनवर आधी खणखणीत "जय हिंद साहेब!" आणि मग मोबाइलवर घराचे फोटो. सुभेदार बर्फात बसून ते फोटो सगळ्या तुकडीला दाखवायचे. एकदा त्यांनी शालनला विचारलं, "दारात नारळ कवा लावला गं? चांगला स्लॅबच्या वर गेलाय." शालन बाहेर येऊन बघते तर दारात नारळ काय, एरंडसुद्धा नाही. घर जोत्याच्या वर हातभर आलेलं. तात्याला विचारलं तर म्हणाला, "चुकून म्हसवडच्या घराचा गेला वाटतं. सगळी घरं आपलीच, फोनला काय कळतंय?"

मग एकदाचा स्लॅबचा दिवस ठरला. सुभेदारांची रिटायरमेंट तोंडावर आली होती, म्हणून शालनच्या अंगात वारं संचारलं होतं. आमच्याकडं स्लॅब म्हणजे लग्नाच्या खालोखाल. मालकाला फेटा, मालकिणीला हळदीकुंकू, नारळ, पेढे, आणि काम करणाऱ्या सगळ्या गड्याबायांना मटणाचं जेवण. जेवणात रस्सा पातळ झाला तर गाव वर्षभर नाव ठेवतं. या रिवाजाइतकी तात्याच्या सोयीची गोष्ट दुसरी नव्हती. कारण ज्या दिवशी मालकानं वर उभं राहून एकेक घमेलं बघायचं, नेमकं त्याच दिवशी मालक खाली कांदा चिरत असतो.

तात्यानं शालनला सकाळपासनं चुलीपुढनं हलू दिलं नाही. "ताई, खोबरं जास्त भाजा. ताई, भाकरी कमी पडाय नगंत. ताई, वरचं मी बगतो." मिक्सर घरघरत होता, आणि शालन घामाघूम होऊन भाकरी थापत होती. तिला वाटत होतं, आपण घर बांधतोय.

मी शिडी चढून वर गेले. मी काही इंजिनिअर नाही, पण आमटी आणि पिठलं यातला फरक मला कळतो. वरचा माल आमटीसारखा वाहत होता. सिमेंटची पोती एका बाजूला न फोडता नीट झाकून ठेवलेली. ती कुठं जाणार होती देव जाणे. मी विचारलं, "ही कशाला राखून ठेवलीत?"

तात्या धावत आला, पँट वर धरून. "आक्का, आक्का! बाईमाणसानं स्लॅबवर येऊ न्हाई. अपशकुन आसतो."

"मग ह्या घमेली उचलतायत त्या कोण हायत? पैलवान?"

घमेल्याच्या रांगेतल्या सगळ्या बायका खो-खो हसायला लागल्या. खालनं शालनचा आवाज आला, पार रडवेला, "आक्का, चांगल्या कामाच्या दिवशी भांडाण नगं गं! खाली ये. दादा हाय न्हवं वर!"

दादा होता, म्हणून तर मी चढले होते! पण घर तिचं, भाऊ तिचा. मी उतरले. तात्यानं त्या दिवशी पहिल्या पंगतीला बसून नळी फोडून खाल्ली, आणि फेटा बांधून घेताना मान अशी वाकवली की बघणाऱ्याला वाटावं, याच्याइतका सज्जन पंचक्रोशीत नाही.

सात-आठ दिवसांत त्याची माणसं आली आणि खालची सेंट्रिंग काढायला लागली. स्लॅब अजून ओला. शालननं विचारलं तर म्हणाला, "मेढ्याच्या कामाला फळ्या पायजेत. आपला स्लॅब पक्का झाला, वाजवून बगा." ओल्या स्लॅबखालचे टेकू काढले तर काय होणार? जे व्हायचं ते झालं. मधोमध छत असं खाली आलं की वर पाण्याचं तळं आणि आत हॉलमध्ये पोट. तात्यानं येऊन बघितलं, एक डोळा मिटून. दोन लोखंडी जॅक आणवले, हॉलच्या मधोमध छताला टेकू म्हणून उभे केले आणि म्हणाला, "तात्पुरतं." मग त्याचा फोन लागायचा बंद झाला. शालनचा नंबर त्यानं ब्लॉक करून टाकला होता. माझ्या फोनवरनं लावला तर उचलायचा, आणि माझा आवाज ऐकला की ठेवायचा.

सुभेदार आले. गावानं जीप सजवली, हलगी कडाडली, गुलाल उधळला. जीप नव्या घराच्या दारात येऊन थांबली. एवढं मात्र शालनच्या मनासारखं झालं. तिनं ओवाळलं, सुभेदार वर्दीत उंबरा ओलांडून आत गेले. मागनं आत शिरणाऱ्या लोकांना शालन हात पसरून अडवत होती, "आत नगा, आत लय गर्दी नगा." लोकांना कळेना. सुभेदार त्या दोन जॅकच्या मध्ये उभे राहिले. वर बघितलं. खाली बघितलं. बायकोकडं बघितलं. बाहेर हलगी वाजतच होती.

शालन त्या दिवशी मला म्हणाली, "आक्का, त्यांनी मला एक शबुद बोलला न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." मला तात्याचा संताप येत होताच. त्या दिवशी त्याची किळस आली.

सांगलीहून एक इंजिनिअर बाई आणली. तिनं हातोडीनं ठिकठिकाणी ठोकलं, बोटानं खरवडलं, वाळू झरझर खाली पडली. ती म्हणाली, "याच्याखाली झोपू नका. हा फोडून नवाच घालावा लागेल." परत सगळी पत्र्याच्या शेडात. आत्ती म्हणाल्या, "माज्या नशिबात पत्राच हाय म्हना की." वकिलाकडं गेलो तर त्यानं पहिलं विचारलं, कागद कुठाय? शालननं मान खाली घातली. मग वकिलानं विचारलं, तुमचा तो कोण? ती म्हणाली, भाऊ. वकील माझ्याकडं बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघत बसले.

आणि मग भज्याच्या गाडीवाल्याकडनं कळलं, तात्या साताऱ्यात स्वतःचा बंगला बांधतोय.

शालन म्हणाली, "जाऊ या." मला वाटलं भांडायला. मी तयारीतच होते, शब्द सगळे पाठ करून ठेवले होते. पण ती म्हणाली, "भांडाय न्हाई. मी हात जोडती. भाव म्हणला हुता, कायतरी पोटात आसंल. स्लॅब तेवढा करून दे म्हणती." अजूनही! गाढवापुढं वाचली गीता. एसटीत सबंध रस्ताभर मी तिच्याशी बोलले नाही.

साताऱ्यात पत्ता काढत पोचलो तर तिथं नेमका स्लॅबचा दिवस. मिक्सर घरघरतोय, मांडवात मटण शिजतंय, तात्याची बायको पदर खोचून धावपळ करतेय. आणि तात्या? तात्या वर. आम्ही शिडीनं चढलो. आज मला कुणी अपशकुन म्हणालं नाही, कारण त्याचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. भर उन्हात काळी छत्री धरून, ओल्या मालात उभा. पांढरी पँट गुडघ्यापर्यंत सिमेंटनं माखलेली. हातात टेप, उघडलेली! एका गड्यावर ओरडत होता, "आरं, त्या सळईखाली दगुड सरकव! पाणी नगं वतू रं! पोतं माज्याम्होरं फोड, माज्याम्होरं!" रिकामी पोती त्यानं स्वतःच्या पायाशी दाबून ठेवली होती. म्हणजे या मेल्याला सगळं येत होतं. मी आजवर त्याला अडाणी समजत होते, ती माझी चूक.

खालनं बायकोनं हाक मारली, "आवं, ऐकलं का! जेवान झालंय, गडी खोळंबल्यात. तुमी तरी दोन घास खाऊन घ्या."

"आधी स्लॅब!" हा वरनं ओरडला. "मी खाली आलो की हितं काय हुतंय मला ठावं हाय!"

शालन त्याच्याजवळ गेली. "दादा," ती म्हणाली. त्यानं मान वळवून बघितलं. घाबरला नाही, लाजला नाही. "आगं, शालन! ये की. जेवून जा हां," आणि डोळा परत मिक्सरवर.

खाली मिक्सरजवळ एक काळसर, लुंगी नेसलेला माणूस उभा होता. त्याच्या सूचना गडी ऐकत होते. विजापूरकडचा कुणी काँट्रॅक्टर.

शालननं साध्या आवाजात विचारलं, "दादा, हा काँट्रॅक्टर तुमचा कोण पावणा?"

तात्याचं सगळं चित्त त्या मालात. तो तसाच बोलून गेला, "छ्या! येडी का काय तू? घराच्या कामाला पावणा घ्यायचा न्हाई गं कवा. चुकलं तर पावण्याला बोलता येत न्हाई. ह्याच्याकडनं समद्या गोष्टींचा कागूद करून घेतलाय मी."

बोलला आणि थांबला. काय बोललो ते त्याच्या कानावर जरा उशिरानं पोचलं असावं. त्यानं शालनकडं नीट बघितलं. मी पाठ केलेले सगळे शब्द ओठांवर घेऊन उभी होते, पण आता त्यांची गरजच उरली नव्हती.

शालन रडली नाही. तिनं पदर खोचला, शिडी उतरली आणि सरळ त्या लुंगीवाल्यापुढं जाऊन उभी राहिली. मी मागोमाग.

"कडेगावात एक स्लॅब फोडून नवा घालायचाय. कागूद करून काम करशील?"

"करतू की अक्का. ह्या मालकांनी बी करून घेतलाय. कागूद आसला की मला बी बरं." मग माणूस जोडावा म्हणून त्यानं चांगुलपणानं विचारलं, "अक्कांचं म्हायेर कुठलं म्हणायचं?"

शालन म्हणाली, "ते कशाला पायजे तुला? स्लॅब सासरच्या घरावर घालायचाय. सेंट्रिंग किती दिस ठेवशील ते सांग."

त्यानं सांगितलं. तिनं त्याचा नंबर घेतला, आधीच्या दोन मालकिणींचे नंबर मागून घेतले, आणि आम्ही निघालो. मांडवातनं मटणाचा वास येत होता. वरनं तात्याचा आवाज आला, पुन्हा तेल लावलेला, "शालन! उपाशी जाऊ नगं गं! बहीण दारातनं उपाशी गेली तर घराला लागतं! थांब, मी आलोच खाली!" आणि खरंच त्यानं छत्री मिटली आणि एक पाय शिडीवर ठेवला.

शालन फाटकात थांबली. मागं वळून, हात तोंडाशी धरून तिनं हाक मारली. दादा नाही म्हणाली.

"ओ काँट्रॅक्टर! मागं बगा! माल पातळ कालवत्यात!"

तात्या शिडीवरनं असा उलटा फिरला की छत्री खाली पडली. ओल्या मालात फतक-फतक पाय टाकत, "आरं, कुनी पाणी वतलं? कुनी वतलं रं!" करत मिक्सरच्या बाजूच्या कडेला धावला. पांढरा शर्टसुद्धा माखला. बायको खालनं ताट घेऊन हाका मारत राहिली.

रस्त्यावर आल्यावर मी शालनला विचारलं, "तुला गं फाटकातनं माल पातळ आहे ते कसं दिसलं?"

"मला काय दिसतंय हितनं!" शालन म्हणाली. "पन आता त्यो आज जेवायचा न्हाई."